पट्टी कुणावर बसते

प्लेगच्या बंदोबस्तावरचा अधिकारी रँड याच्या खुनाची गोष्ट पुण्यातल्या जुन्या घरांत अजून सांगितली जाते. बहुतेक घरांत ती गणेशखिंडीच्या रस्त्यावर, 22 जून 1897 च्या रात्री सुरू होते. राणीच्या राज्यारोहणाची साठ वर्षं, गव्हर्नरच्या बंगल्यावरचा समारंभ, परतणाऱ्या बग्ग्या, अंधारात दिलेली खूण. आमच्या घरात ती तिथे सुरू होत नसे. आमचं घर कसब्यातल्या तांबट आळीतलं. आजीला ही गोष्ट तिच्या सासूनं सांगितलेली, आणि सासूच्या लेखी त्या सगळ्या प्रकरणाचं नाव एकच होतं, पोलिसांची पट्टी.

आजी सांगे, शिमग्याच्या सुमाराला प्लेगचे सोजीर आळीत शिरले तेव्हा भट्ट्या आधीच थंड पडल्या होत्या. लग्नसराई बुडालेली, हंडे-घंगाळं घेणार कोण? सोजीर घरात घुसून सामान रस्त्यावर काढत, काखेत गाठ आहे का ते बघायला बायाबापड्यांना उघड्यावर उभं करत. पणजोबांच्या धाकट्या भावाला नुसता ताप होता. त्याला गावाबाहेरच्या छावणीत नेलं, तो परत आला नाही. पुढे जूनमध्ये रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला ससूनमध्ये. आळीत कुणी साखर वाटली नाही, कुणी हळहळलंही नाही. मारणाऱ्या चापेकर बंधूंचं नावसुद्धा तेव्हा कुणाच्या कानावर नव्हतं. आणि मग बातमी आली की शहरात ज्यादा पोलीस बसणार आणि त्यांचा खर्च शहरानं द्यायचा.

पणजोबांनी ती पट्टी भरायला घरचं मोठं घंगाळ मोडीत घातलं. स्वतः घडवलेलं, अंगभर मठारकाम केलेलं, एकेक ठोका दुसऱ्याला चिकटून बसलेला. तराजूत मात्र नुसतं तांब्याचं वजन धरलं गेलं, घडणावळीचा पैसाही नाही. आजीच्या सासूला रकमेचा आकडा पुढे आठवत नसे. मोडवाल्यानं ते घंगाळ तिच्यासमोर घणानं चेपलं, तो आवाज मात्र तिला म्हातारपणापर्यंत आठवत होता.

“मारलं कुणी, भरलं कुणी,” असं म्हणून आजी ती गोष्ट संपवायची.

मी पुढे बँकेत नोकरी केली, दहशतवादाला जाणारा पैसा रोखण्याचे नियम माझ्या टेबलावर आले, तेव्हा मला या वाक्याची किंमत कळली. कारण 1897 मध्ये सरकारनं पुण्यावर जे केलं, ते त्याच विचाराचं जुनं आणि बोथट रूप होतं. हिंसा करणारा सापडत नाही, तर त्याला आसरा आणि पैसा देणारा जो कुणी असेल त्याच्या खिशाला चिमटा काढा. तो कोण हे ठाऊक नाही, तर सगळ्यांच्याच खिशाला काढा.

खिशाचा चिमटा नुसत्या पट्टीवर थांबला नाही. सरदार नातू बंधू, बाळासाहेब आणि तात्यासाहेब, यांना जुलैअखेर उचललं आणि त्यांची मालमत्ता जप्त केली. त्यासाठी 1827 सालचं पंचविसावं रेग्युलेशन धूळ झटकून बाहेर काढलं. त्यात आरोप सांगायची गरज नव्हती, खटल्याचीही नव्हती. नातूंवर काही सिद्ध झालं नाही, कारण सिद्ध करायची वेळच सरकारनं स्वतःवर येऊ दिली नाही. त्याच आठवड्यात टिळकांना अटक झाली. त्यांच्यावर निदान राजद्रोहाचा खटला चालला, अठरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि काय लिहिलं म्हणून झाली हे जगाला कळलं. नातूंच्या बाबतीत तेही नाही. वाडा, जमीन, उत्पन्न एका सहीनं हातातून गेलं आणि दाद कुठे मागायची याचा दरवाजा नव्हता.

बरं, एवढं करून धागा मिळाला का? पट्टीतून तर नाही. सरकारनं 20,000 रुपयांचं बक्षीस लावलं होतं. द्रविड बंधूंनी खबर दिली आणि दामोदरपंत चापेकर सापडले. 18 एप्रिल 1898 ला त्यांना येरवड्यात फाशी दिलं. पुढच्या फेब्रुवारीत द्रविड बंधू मारले गेले, आणि मे महिन्यात वासुदेव चापेकर, साथीदार रानडे आणि बाळकृष्ण चापेकर एकामागून एक फासावर चढले. पट्टी मात्र ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्याकडून वसूल झाली. माझ्या पणजोबांना राजकारणाचं काही देणंघेणं नव्हतं. पट्टी भरून आल्यावर ते देणंघेणं सुरू झालं. पुढच्या वर्षापासून आळीच्या गणपतीत ते स्वतः उभे राहून वर्गणी गोळा करू लागले, असं आजी अभिमानानं सांगे. शहरावर जरब बसवायला आलेल्या त्या पोलिसांनी आमच्या घराला सरकारच्या विरोधात नेऊन उभं केलं.

चापेकरांना आजच्या अर्थानं दहशतवादी म्हणायला मी तयार नाही. त्यांनी नेमक्या ठरवलेल्या माणसावर गोळी झाडली. भरल्या बाजारात बॉम्ब ठेवला नाही. इंग्रज सरकारच्या कागदांत हा फरक नव्हता. रौलट समितीनं 1918 मध्ये कटांचा अहवाल लिहिला, त्याची सुरुवातच पुण्यापासून आणि चापेकरांपासून झाली. ज्याच्या हातात सत्ता असते तोच दहशतवाद्यांची यादी करतो, हे विसरून चालत नाही. पण त्यावरून यादी हा प्रकारच खोटा, असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही, कारण निरपराधांना मारायला पैसा लागतो आणि तो कुठून तरी येतोच.

हे आमच्या अण्णांनी, म्हणजे आजोबांनी, मला फार लवकर सांगितलं होतं. ते कॅम्पात मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकून होते. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे वासुदेव बळवंत फडकेही लष्कराच्या हिशेब खात्यातलेच कारकून, याचा अण्णांना फार जिव्हाळा. फडक्यांची गोष्ट ते हिशेबनिसाच्या नजरेनं सांगत. माणसं उभी करायची तर पैसा हवा, म्हणून फडके आधी पैसेवाल्यांकडे गेले. कुणी हात सैल केला नाही. मग 1879 च्या फेब्रुवारीत धामारी गावावर त्यांचा दरोडा पडला. “बंदूक एकदाच घ्यावी लागते गं,” अण्णा म्हणत, “रोजचं जेवण मात्र रोजच घालावं लागतं.” पैसेवाल्यांनी दार लावलं तिथेच त्या उठावाचं गणित बिघडलं, असं त्यांचं मत होतं, आणि हे सांगताना त्यांचा आवाज जड व्हायचा.

अण्णांचं ते बोलणं मला 26/11 नंतर वारंवार आठवलं. मुंबईवर चालून आलेल्या दहा जणांना पाकिस्तानातून त्यांचे म्होरके इंटरनेटच्या फोनवरून क्षणाक्षणाला सूचना देत होते. त्या फोनचं खातं चालू ठेवायला हल्ल्याच्या आदल्या दिवशी इटलीतल्या ब्रेशा शहरातून पैसे भरले गेले. रक्कम होती 229 डॉलर. पैसे पाठवणारं एक साधं दुकान, त्यात एक फॉर्म, फॉर्मवर अशा माणसाचं नाव जो कधी इटलीत आलाच नव्हता. वर्षभरानं इटलीच्या पोलिसांनी ते दुकान चालवणाऱ्या बापलेकांना पकडलं. तेव्हाच्या भावानं 229 डॉलर म्हणजे अकरा-साडेअकरा हजार रुपये. आमच्या काउंटरवरून एवढी रक्कम दिवसातून कितीदा जायची. कॉलेजची फी, गावाकडच्या आईचं औषध, भिशीचा हप्ता, सगळं त्याच आकड्याच्या आसपास.

पुण्याच्या वाट्याला हे 13 फेब्रुवारी 2010 च्या शनिवारी आलं. कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत संध्याकाळी स्फोट झाला, 17 माणसं गेली. त्यात शिकायला पुण्यात आलेली मुलं होती, परदेशातून आलेले पाहुणे होते. लष्कर-ए-तैयबाचा हस्तक डेव्हिड हेडली त्या भागाची पाहणी करून गेला होता हे पुढे उघड झालं. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शाखेत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, एवढं मला आठवतं. रविवार होता, वर्षअखेरच्या कामासाठी आम्ही थोडेच जण आलो होतो, आणि प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी त्या वाटेनं कॉलेजला जाणारं होतं.

नियमांचं बाड मात्र त्याआधीच टेबलावर आलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा 1267 क्रमांकाचा ठराव 1999 चा. तालिबान आणि पुढे अल् कायदा यांच्याशी संबंधित माणसांची आणि संघटनांची नावानिशी यादी, आणि त्यांचा पैसा जिथे असेल तिथे गोठवायचा. न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर, 28 सप्टेंबर 2001 ला, 1373 क्रमांकाचा ठराव आला. त्यानं दहशतवादाला पैसा पुरवणं हा गुन्हा मानणं सगळ्या देशांवर बंधनकारक केलं. आपल्याकडे मुंबईच्या हल्ल्यानंतर डिसेंबर 2008 मध्ये बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएमध्ये, दुरुस्ती झाली आणि 51अ हे कलम आलं. त्याचा आमच्यासाठी अर्थ असा की प्रत्येक खातेदाराचं नाव यादीशी ताडायचं आणि जुळलं तर 24 तासांच्या आत गृहखात्याला कळवायचं.

यादी पाहिली नसेल तर सांगते, ती काही नुसती नावांची रांग नसते. जन्मतारीख, कधी कधी तीन-तीन जन्मतारखा. बापाचं नाव, पासपोर्ट, जुना पत्ता. आणि उपनावं. त्या उपनावांचेही दोन वर्ग, ‘चांगल्या दर्जाची’ आणि ‘कमी दर्जाची’. दुसऱ्या वर्गात इतकी साधी नावं असतात की भवानी पेठेत किंवा कोंढव्यात हाक मारली तर चारपाच माणसं वळून बघतील.

असंच एकदा एका निवृत्त शिक्षकांचं नाव जुळलं. बारामतीकडच्या शाळेत आयुष्य गेलेलं, पेन्शन आमच्याकडे. खातं थांबलं. ते आले, खुर्चीवर बसले, पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडू लागले. शाळेतला नेमणुकीचा हुकूम, सेवापुस्तकाची प्रत, निवृत्तीच्या समारंभातला फोटो, त्यात गळ्यात हार. यादीतला माणूस त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान होता. जन्मस्थान वेगळं, बापाचं नाव वेगळं. कागदोपत्री सगळं काही मिनिटांचं काम होतं, पण ते मिनिट यायला वरून पत्र यावं लागलं आणि तोवर बायकोच्या डायलिसिसचे पैसे त्यांनी जावयाकडून उसने घेतले. खातं सुरू झालं त्या दिवशी ते पुन्हा आले. “बाई, तो मी नव्हे, एवढं एका कागदावर लिहून द्या.” मी वरिष्ठांकडे गेले. तसं पत्र द्यायचा नमुनाच बँकेकडे नव्हता. सर काही बोलले नाहीत. फोटो पुन्हा पिशवीत ठेवला, जिना उतरून गेले.

त्या सरांकडून आणि माझ्या पणजोबांकडून वसूल झालं ते एकाच कारणानं. जिथे सरकारला एक नाव नेमकं धरता येत नाही, तिथे ते आजूबाजूच्यांनाही धरतं. जगातही हे झालं आहे. नोव्हेंबर 2001 मध्ये अमेरिकेनं अल् बरकात या सोमाली हवाला कंपनीचा पैसा गोठवला. सोमालियात बँका उरल्याच नव्हत्या, परदेशी गेलेल्या मुलांचे पैसे आईबापांना त्याच वाटेनं मिळत. वाट बंद झाली, चुली अडल्या, आणि पुढे 11 सप्टेंबरच्या चौकशी आयोगाच्या अभ्यासातच म्हटलं गेलं की कंपनीविरुद्ध ठोस पुरावा हाती लागला नाही.

याउलट, नेम धरून दाबलं तर काय होतं हेही आपण पाहिलं. 26/11 घडवणाऱ्या लष्कर-ए-तैयबाचं नाव यादीत 2005 मध्ये आलं, तिचा म्होरक्या हाफिज सईदचं 10 डिसेंबर 2008 ला. नुसत्या नावानं फार काही बिघडलं नाही. तो वर्षानुवर्षं लाहोरात सभा घेत होता. जैश-ए-मोहम्मदच्या मसूद अझहरचं नाव तर चीन अडवून बसला होता, ते यायला 1 मे 2019 उजाडलं. फरक पडला तो दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं जून 2018 मध्ये पाकिस्तानला करड्या यादीत टाकल्यावर. ही संस्था ना फौज पाठवते ना दंड लावते. पैशाच्या व्यवहारांवर देशाचं लक्ष नाही, एवढं ती जाहीर करते. मग बाहेरच्या बँका त्या देशाशी व्यवहार करताना हात आखडता घेतात, कर्ज महागतं, आयातदार वैतागतो, आणि तो वैताग सत्तेपर्यंत पोचतो. पाकिस्तानपुढे एकूण 34 मुद्दे ठेवले गेले. फेब्रुवारी 2020 मध्ये हाफिज सईदला लाहोरच्या कोर्टानं शिक्षा सुनावली, आणि ती खुनाबद्दल नव्हती, दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल होती. 26/11 च्या कटातल्या साजिद मीरला 2022 मध्ये पंधरा वर्षं झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्तान करड्या यादीतून सुटला. इतकं पुरे का? मला नाही वाटत. पण आपल्या इतक्या वर्षांच्या निषेधांनी जे झालं नव्हतं ते या चार वर्षांत झालं, हे मान्य केलंच पाहिजे.

यातली एक गोष्ट वाचून मी चिडले होते. ऑगस्ट 2019 मध्ये सुरक्षा परिषदेच्या समितीनं हाफिज सईदला त्याच्या गोठवलेल्या खात्यातून महिन्याला दीड लाख पाकिस्तानी रुपये घरखर्चासाठी काढायला परवानगी दिली. विद्यापीठातला निवृत्त प्राध्यापक, घरात अवलंबून असलेली माणसं, असं कारण. 166 माणसांच्या खुनाचा सूत्रधार, आणि त्याच्या किराण्याची सोय! राग ओसरल्यावर मला त्यातला नियम दिसला. खातं गोठवलं तरी बायकापोरांना उपाशी मारायचं नाही, आणि काय सोडलं ते कागदावर लिहायचं. ज्या नियमानं सईदच्या घराला दाणा मिळाला, तोच नियम बारामतीच्या सरांना त्या आठवड्यात कुणी सांगितला नाही. माझा आक्षेप तिथे आहे, नियमावर नाही.

यादीतल्या माणसाच्या मालमत्तेवर हात टाकणं आपल्या कोकणातही चालू आहे. दाऊद इब्राहिमला अमेरिकेनं आणि संयुक्त राष्ट्रांनी 2003 मध्ये यादीत घातलं. त्याचं मूळ गाव खेड तालुक्यातलं मुंबके. तस्करांची मालमत्ता जप्त करण्याच्या कायद्याखाली मुंबईतल्या त्याच्या मालमत्तेचा लिलाव 2000 साली पुकारला, तेव्हा बोली लावायला कुणी आलं नाही. इतकी त्याची दहशत. जानेवारी 2024 मध्ये मुंबक्यातल्या एका तुकड्याची सरकारी किंमत 15,440 रुपये होती, बोली 2 कोटींच्या वर गेली. आकडा विचित्र आहे खरा. पण जिथे बोलायला माणूस धजत नव्हता तिथे भर सभागृहात हात वर होतो आहे, ही मला मोठी गोष्ट वाटते.

आता पुन्हा गणेशखिंडीच्या रस्त्यावर यावं लागतं. 1906 मध्ये पुण्यात निघालेल्या कॉसमॉस बँकेचं मुख्यालय याच रस्त्यावर आहे. 11 ऑगस्ट 2018 च्या शनिवारी बँकेच्या व्यवहारयंत्रणेत घुसखोरी करून, बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या यंत्रांतूनही अडीच कोटी गेले. सोमवारी 13 तारखेला आणखी 13.92 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. सगळे मिळून 94 कोटींच्या वर. गुन्हा चतुःशृंगी ठाण्यात नोंदला गेला. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटानं आपल्या अहवालात ही चोरी उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडली. निर्बंधांनी ज्या राजवटीची व्यापाराची दारं बंद केली, ती आता दुसऱ्यांच्या बँका फोडून अण्वस्त्रांचा खर्च भागवते, असा त्या गटाचा निष्कर्ष. म्हणजे जगानं प्योंगयांगवर बसवलेल्या पट्टीतला एक हिस्सा पुण्याच्या सहकारी बँकेनं भरला. आजी असती तर तिचं ते वाक्य पुन्हा म्हणाली असती.

यावर निर्बंध उठवा असं कुणी म्हणेल तर मी त्याच्या बाजूची नाही. एक दार लावलं की चोर खिडकी शोधणार, म्हणून दार उघडं ठेवत नाहीत. पण त्या चोरीतली खिडकी कुठली होती ते बघा. कोल्हापूर, मुंबई, इंदूर अशा शहरांत बनावट कार्डं घेऊन यंत्रापुढे उभी राहिलेली माणसं परदेशी नव्हती. कमिशनवर राबणारी, आपल्यातलीच होती. पैसा शेवटी कुठे जाणार हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक असेल असं मला वाटत नाही. ब्रेशाच्या दुकानातल्या त्या फॉर्मवर खोटं नाव लिहिलं गेलं, तिथेही असंच कुणी काही विचारलं नव्हतं. कॉसमॉसच्या प्रकरणात 2023 मध्ये पुण्याच्या कोर्टानं अकरा जणांना दोषी ठरवलं. ज्यांच्यासाठी ते राबले ते कोर्टात आलेच नाहीत.

म्हणून पुण्यातल्या वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुलं आहेत किंवा पेइंग गेस्ट ठेवलेले विद्यार्थी आहेत त्यांना, एक सांगायचं आहे. ‘तुझं खातं महिनाभर वापरू दे, हजार-दोन हजार देतो’ असं सांगणारी माणसं आज हॉस्टेलांच्या दारात आणि टेलिग्रामवर सर्रास भेटतात. खातं, एटीएम कार्ड, सिम, यातलं काहीही भाड्यानं देऊ नका. बँक केवायसीचे कागद मागेल तेव्हा वेळेवर द्या. आणि तुमचं खातं कधी चुकून थांबलंच, तर खालच्या आवाजात परत फिरू नका. कारण लेखी मागा, तारीख घाला, पोच घ्या, आणि खातं सुरू झाल्यावर ‘तो मी नव्हे’ हेही लिहून मागा.